लव्हाळ्याची पात

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न होता: खालील वाक्प्रचार वाक्यात वापरा. पाचांपैकी चार मला पाठ होते. पाचवा होता 'अ हार्ड रो टू हो'. गाइडात तो नव्हता. सरांनी वर्गात सांगितला असेल तर त्या दिवशी मी रानात असणार. पण 'रो' म्हणजे ओळ हे ठाऊक होतं, आणि 'हो' म्हणजे तण काढायचं अवजार हे डिक्शनरीत कधीतरी वाचलेलं आठवत होतं. पेपर काढणाऱ्यानं आमच्या बांधावर बसूनच प्रश्न लिहिलाय की काय, असं वाटलं मला. मी खुशीत वाक्य लिहिलं. त्याचं मराठी असं होईल: विहिरीकडच्या अंगाला लव्हाळा माजलाय, त्यामुळे आज माझ्या आईला अवघड पात भांगलायची आहे. लव्हाळ्याला इंग्रजी शब्द सुचेना, म्हणून 'लव्हाळा ग्रास' ठोकून दिलं.

शून्य मिळालं. पेपर वाटताना सरांनी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाले, "वाक्प्रचार लक्षणेनं वापरायचा असतो. हिनं खरंच ओळ भांगलायला घेतली! मग वाक्प्रचार राहिला कुठं?" वर्ग हसला. सगळे हसतात म्हणून मीही हसले. पेपरात माझी आई होती, एवढं सोडलं तर विनोद वाईट नव्हता.

आज मी स्वतः इंग्रजी शिकवते, मराठी माध्यमाच्या मुलांना, आणि सरांचं बरोबर होतं हे मला पटतं. 'हार्ड रो टू हो' म्हणजे वाट्याला आलेलं कठीण, लांबलचक, कंटाळवाणं काम. नवऱ्यामागं एकटीनं तीन पोरं वाढवणारी बाई, कर्जात बुडालेलं दुकान पुन्हा उभं करणारा पोरगा, वयाच्या चाळिशीत कानडी शिकायला बसलेला कारकून, यांच्याबद्दल ते म्हणायचं. 'हार्ड'च्या जागी 'टफ' चालतं, 'लाँग'ही चालतं. बहुधा माणसाकडेच ती ओळ असते: अमक्याला, तमकीला 'हॅज अ टफ रो टू हो'. एका झटक्यात सुटणाऱ्या कोड्याला हे लावत नाहीत. त्याच्यासाठी इंग्रजीत 'अ टफ नट टू क्रॅक' आहे, फोडायला कठीण कवचाचं फळ. ते एकदा फुटलं की गर हाताला लागतो. ओळ फुटत नाही. ती सरकत सरकत संपवावी लागते.

एवढं मुलांना सांगून झालं की मी फळ्याकडे पाठ करते आणि पातीबद्दल बोलू लागते. अभ्यासक्रमात ते नाही.

आमचं गाव बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर, उचगावच्या पुढं. जमीन तांबडी. पावसाळ्यात भुईमूग, रताळी, बटाटा, नाचणा. भुईमूग कुरीनं पेरला की पंधरा-वीस दिवसांत दोन ओळींमधून कोळपं फिरतं, पण ओळीच्या आत, रोपाला बिलगून आलेलं तण कोळप्याला सापडत नाही. तिथं बाईच लागते, खुरपं घेऊन, उकिडवी. पुढं आऱ्या, म्हणजे ज्यांच्या टोकाला शेंगा धरतात ते देठ, सुटून मातीत शिरायला लागल्या की कोळपं बंदच, सगळं हातावर. रानाच्या एका टोकाला बायका ओळीनं बसतात आणि प्रत्येकीच्या पुढ्यात दोन-तीन ओळींचा एक पट्टा येतो. ती तिची पात. पात लागली म्हणतात, पात धरली म्हणतात, पलीकडच्या बांधाला टेकली की पात निघाली म्हणतात. नुसत्या ओळीला कुणी पात म्हणत नाही. त्या ओळींसमोर माणूस बसलं की तिची पात होते.

आणि कुठली पात कुणाला येईल हे कुणाच्या हातात नसतं. बसताना जिथं जागा मिळाली ते नशीब. कुणाला मऊ माती, चार काड्या तण, गप्पा मारत बांधाला. कुणाला हरळी. कुणाला लव्हाळा. पुरात मोठी झाडं वाहून जातात आणि लव्हाळे तेवढे वाचतात, हे आपण मुलांना नम्रतेचा धडा म्हणून शिकवतो. ज्यानं लव्हाळा कधी उपटला नाही त्यानं खुशाल शिकवावं. त्याचं पातं ओढलं की ते अलगद हातात येतं आणि खालची गाठ मातीत तशीच राहते. आठवड्यात परत वर. एका गाठीला दुसरी, दुसरीला तिसरी, दोऱ्यात ओवल्यासारख्या. खुरप्याचं टोक खोल घालून गाठ काढावी तर शेजारचं भुईमुगाचं रोप हलतं. आईला मी एकदा तो नम्रतेचा धडा ऐकवला होता. ती म्हणाली, "वाचणारच की त्यो. वर वाकतंय, खाली गाठ मारतंय. असल्याला नम्र म्हणतात व्हय तुमच्या शाळंत?"

आता त्या इंग्रजी 'हो'विषयी. डिक्शनरीत त्याच्यापुढं कुदळ, फावडं, खुरपं, कोळपं असं काहीही लिहिलेलं सापडतं. बिचाऱ्या कोशकाराचा इलाज नाही, कारण आपल्याकडे ते अवजारच नाही. अमेरिकेतला 'हो' म्हणजे माणसाच्या छातीइतक्या लांब दांड्याला लावलेलं आडवं पातं. उभ्यानं ओढायचं. ज्यानं हा वाक्प्रचार पहिल्यांदा म्हटला असेल तो उभा होता, आणि आम्ही बसून होतो.

छापील इंग्रजीत तो जुना सापडतो तो 1835 सालचा, डेव्ही क्रॉकेटच्या नावावर निघालेल्या प्रवासवर्णनात. क्रॉकेट टेनेसीचा. शिकारी, गोष्टीवेल्हाळ, तिथून अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेला. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन त्याच्याच राज्याचे. 1830 साली जॅक्सन यांनी मूळच्या आदिवासी जमातींना त्यांच्या जमिनीवरून उठवून मिसिसिपी नदीच्या पलीकडं धाडण्याचा कायदा आणला, तेव्हा टेनेसीच्या प्रतिनिधींत विरोधात मत देणारा हा एकटा होता. पुढच्या वर्षी निवडणूक हरला. 1833 साली परत जिंकला, 1835 साली परत हरला, आणि 1836 च्या मार्चमध्ये टेक्सासातल्या अलामोच्या वेढ्यात मारला गेला. जॅक्सनना विरोध मी काही लोकप्रिय होण्यासाठी केला नाही, ही भांगलायला कठीण ओळ आहे हे मला ठाऊकच होतं, अशा अर्थाचं तो त्या पुस्तकात म्हणतो.

हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी मनातल्या मनात सरांना एक मार्क परत मागितला. लोकांना त्यांच्या जमिनीवरून उठवण्याच्या काळात हा वाक्प्रचार कागदावर आला. पोटाला माती लागलेल्या माणसांचा होता तो.

हल्ली पुष्कळ इंग्रजी बोलणारेच तो चुकवतात. 'रो'च्या जागी 'रोड' म्हणतात: 'अ टफ रोड टू हो'. कारण उघड आहे. ओळ भांगललेलं माणूस आता त्यांच्यात फारसं उरलेलं नाही, रस्ता मात्र सगळ्यांना ठाऊक, आणि अवघड वाट ही कल्पना कुणालाही पटते. रस्ता खुरप्यानं भांगलायचा कशासाठी, हा प्रश्न कुणाला पडत नाही. अशा चुकीला इंग्रजीत एक लाडकं नावही आहे, 'एगकॉर्न'. ओकच्या झाडाच्या फळाला, 'एकॉर्न'ला, कुणीतरी ऐकण्यातल्या गफलतीनं अंड्यातला 'एग' जोडून लिहिलं, त्यावरून 2003 साली भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी ते सुचवलं. ऐकू आलेल्या शब्दाला आपल्या ओळखीचा अर्थ चिकटवून टाकायचा, ही त्यातली गंमत. आपण हसू नये. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण मी नववीला शिकवते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, "मॅडम, पोहरा म्हणजे पोहे ठेवायचं भांडं?" अवजार मोडीत निघतं, म्हण मागं राहते, आणि पोरं तिला हाताशी असलेलं भांडं लावतात.

पण 'रोड टू हो' ही चूक बेळगावात तितकीशी चूक वाटत नाही. हलगा ते मच्छे बायपास शहराच्या दक्षिणेकडच्या पिकाऊ काळ्या रानांतून आखला गेला, ती राने भाताची, त्यामागून मसुरीची. शेतकरी वर्षानुवर्षं त्याच्याविरुद्ध भांडले, कोर्टात गेले, उभ्या पिकात घुसलेल्या मशिनींपुढं आडवे झाले. माझी एक मैत्रीण त्या पट्ट्यात दिलेली. ती म्हणते, "आमची पात आता रस्त्याखाली हाय." ज्या ओळी तिनं भांगलल्या त्यांच्यावर रोलर फिरला. तिला मी 'टफ रोड टू हो' असं म्हणून दाखवलं असतं तर तिनं त्यात काय चूक काढली असती?

इंग्रजी वर्तमानपत्रं आमच्या सीमाप्रश्नाला 'बॉर्डर रो' म्हणतात. स्पेलिंग तेच, ओळीचं. उच्चार मात्र 'राउ', म्हणजे भांडण. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी कॉलेजच्या वाचनालयात तो मथळा 'बॉर्डरची ओळ' असाच वाचायचे आणि अर्थही बरोबर लागायचा. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यं झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा काढून कोल्हापूरला जोडला. म्हणजे आमच्याकडं बाची कर्नाटकात आणि लगतचं शिनोळी महाराष्ट्रात, आधी दोन्ही एकाच जिल्ह्यात. 1966 साली महाजन आयोग बसला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावं आणि बेळगाव शहर आहे तिथंच राहू द्यावं असं त्यात होतं. महाराष्ट्रानं तो मानला नाही. 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. 2014 साली बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. दर 1 नोव्हेंबरला शहरात एकीकडं लाल-पिवळे झेंडे, दुसरीकडं काळा दिन. आमची आजी या ओळीच्या सुरुवातीला होती, आई मध्ये, मी अजून बसलेलीच आहे. बांध दिसत नाही. कुणी म्हणतं, ही पात आता सोडून द्यावी. कुणी म्हणतं, सोडणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा नाही. मला दोघांचंही थोडं थोडं खरं वाटतं, आणि हे मी आमच्या गल्लीत मोठ्यानं म्हणत नाही.

रोजच्याला मात्र हे भांडण एवढं ठळक नसतं. आईच्या टोळीतल्या बायका टेम्पोत बसून शिनोळीच्या पुढच्या रानात भांगलायला जायच्या, म्हणजे परराज्यात. कुणाच्या ध्यानातही नसायचं. हद्द ओलांडली याची खूण एकच, रस्त्यावरच्या पाट्यांची अक्षरं बदलायची. कागदाचं प्रकरण वेगळं. शेताचा उतारा कानडीत, आईची सही मराठीत. स्वतःच्या जमिनीवर काय लिहिलंय ते तिला एका कचेरीच्या दारात बसलेल्या अर्जनविसाकडून वाचून घ्यावं लागायचं, आणि तो वाचायचे पैसे घ्यायचा.

टोळीत एक अक्का होती, बैलहोंगलकडची, आमच्या गावात लग्न होऊन आलेली. तिचं मराठी म्हणजे कानडीला लुगडं नेसवल्यासारखं, पण आईचं आणि तिचं जमायचं. खुरप्याला ती 'कुरपी' म्हणायची, तेवढा फरक कुणी मोजत नाही. तिनं मला एकदा सांगितलं, कानडीत ओळीला 'सालु' म्हणतात आणि कर्जाला 'साल'. "एक उकार काढला की संपलं बघ बाळ. सालु भांगलत भांगलत सालात." आणि खदाखदा हसली. मराठीत साल म्हणजे वर्ष, आणि वर्षाच्या बोलीवर राबणारा तो सालगडी. तिन्ही शब्द एका बांधावर ठेवले तर आमच्या भागातल्या कितीतरी घरांची हकीकत होते. कोशात हे शेजारी शेजारी येणार नाहीत.

मराठीत अवघड कामाला शब्द काही कमी नाहीत. शिवधनुष्य आहे, लोखंडाचे चणे आहेत, तारेवरची कसरत आहे, नाकी नऊ आहेत. शिवधनुष्य एकदा उचललं की टाळ्या पडतात, लग्नही होतं. तारेवरच्या कसरतीला खाली बघे जमलेले असतात. पातीला प्रेक्षक नाही. बांधावर उभा असलेला मालक पाहतो ते कोण मागं पडलंय एवढंच. आणि गंमत म्हणजे ज्या भाषेत भांगलण आहे, कोळपणी आहे, पात आहे, तिनं तिचा वाक्प्रचार केला नाही. बायका बोलतात, लिहिणाऱ्यांपर्यंत ते पोचलं नसावं. 'तिची पात लव्हाळ्याची' असं आई एका शेजारणीबद्दल म्हणायची, जिचा नवरा पितो. मला शून्य मिळालं त्या वाक्यात लक्षणा नव्हती म्हणतात. आईच्या या वाक्यात होती. पेपर तिच्याकडं कुणी दिला नव्हता.

काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या आखूड दांड्याच्या 'हो'विषयी वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. तिथं सॅलड आणि बिटाच्या मळ्यांत राबणारे बहुतेक मेक्सिकन मजूर. त्यांना लांब दांड्याचं अवजार न देता फूट-दोन फुटांचं दिलं जायचं. दिवसभर कमरेत वाकून ओळ काढायची. मजूर त्याला 'एल कोर्तितो' म्हणायचे, म्हणजे छोटू. मुकादमाची सोय अशी की जो ताठ उभा दिसला तो काम करत नाही, लांबूनच कळतं. मजूरनेते सेझार चावेस यांची पाठही त्यानंच गेलेली. मजुरांच्या वकिलांनी डॉक्टर उभे केले, मणक्यांची हकीकत कोर्टापुढं मांडली, आणि 1975 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या आखूड दांड्यावर बंदी आली. एका अवजाराच्या दांड्याची लांबी कोर्टानं मोजली!

खुरप्याला दांडा म्हणावा असा नसतोच, मूठ असते. आईला मी हे सगळं सांगितलं. तिनं लांब दांड्याचं चित्र मोबाइलवर नीट पाहिलं, दोन बोटांनी मोठं करून पाहिलं, आणि म्हणाली, "उभ्यानं भुईमूग भांगलणार? आऱ्या तोडतील की." मग थोड्या वेळानं स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाली, "पर बरं असंल."

क्रॉकेटच्या त्या वाक्यात एक गोष्ट मला खटकते. त्याची ओळ एकट्याची आहे. असेलही, त्यांच्याकडं रानं मोठी, माणसं लांब लांब. आमच्याकडं पात जिची तिचीच, पण एखादीची मागं राहिली तर बांधाला पोचलेली बाई पाणी पिते, पदरानं तोंड पुसते आणि त्या मागं पडलेलीच्या पातीला पलीकडच्या टोकानं लागते. बोलत नाही. उपकार केला असं दाखवत नाही. दोघी एकमेकींकडं सरकत येतात. उद्या कदाचित हिची पात लव्हाळ्याची असेल, हा हिशोब असतोच त्यात, मी उगाच त्याला पुण्याई म्हणणार नाही. शिवाय सगळ्या निघाल्याशिवाय टेम्पो सुटत नाही.

यंदा आषाढात शाळेला सुट्टी मिळाली, रेड अलर्टची, आणि पाऊस नेमका त्या दिवशी उघडला. आमच्या भुईमुगात बायका लावल्या होत्या, त्यातली एक आली नव्हती. आईला आता उकिडवं बसता येत नाही. ती बांधावर प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन बसली होती, देखरेखीला. मी साडी खोचली आणि रिकामी पात धरली. विहिरीकडची. वीस वर्षांनी. पहिल्या दहा मिनिटांत मांड्या थरथरायला लागल्या, बाकीच्या बायका बघता बघता पुढं गेल्या, त्यांच्या पाठी लहान लहान होत गेल्या. "मास्तरीणबाई, फळ्यावर लिवाय येतंय तसं न्हाय ह्ये," कुणीतरी म्हणालं. मी उपटत होते, बाजूला टाकत होते, उपटत होते.

मान वर केली तेव्हा पलीकडच्या बांधावरून कुणीतरी माझ्या पातीला लागलं होतं. होंगलच्या अक्काची सून. अक्का जाऊन चार वर्षं झाली. सुनेचं खुरपं भरभर येत होतं माझ्याकडं. आई बांधावरून ओरडली, "मुळाची माती झाड आधी! तशीच टाकलीस तर पावसानं उद्या परत उभं ऱ्हातंय." मी मागं वळून पाहिलं. मी टाकलेल्या तणाच्या जुड्या ओल्या मातीसकट तशाच पडल्या होत्या, हिरव्यागार. मी उठले आणि पहिल्या जुडीपासून माती झाडायला लागले.